माणूस ओळखणारं सीरम

काचेची बारीक नळी खिडकीच्या उजेडाला धरायची, एक डोळा मिटायचा आणि ओरडायचं, "माणूस हाय!" परभणीतल्या आमच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासणी करणाऱ्या सरांची ही सवय होती.

पोलिसांकडून आलेले रक्ताचे डाग माणसाचे की जनावराचे, हे सांगणं आमचं काम. माणसाच्या रक्तपेशीतलं हिमोग्लोबिन सशाला टोचलं की त्याच्या अंगात प्रतिपिंडं तयार होतात. त्या रक्तावरचं निवळ पाणी म्हणजे सीरम. ते आणि डागाचं पाणी नळीत एकत्र आलं आणि मध्ये पांढरी कडी उमटली, की रक्त माणसाचं. सशांना घास सर स्वतः घालायचे. "हाच आपला खरा स्टाफ, चहाला जात न्हाई," असं आमच्याकडे बघत म्हणायचे. "आन् ह्यांचं सीरम माणूस ओळखतं, आडनाव न्हाई!"

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. पूर्णेकडच्या खेड्यात दलित वस्तीतल्या एका तरुणाचा कुऱ्हाडीनं खून झाला. आरोपी म्हणे, कुऱ्हाडीवरचं रक्त बकऱ्याचं. डाग नखाएवढा. शनिवारी सरांनी तो सगळाच मिठाच्या पाण्यात उतरवला आणि सोमवारी तपासायला सीरमशेजारी फ्रीजमध्ये ठेवला.

संध्याकाळी हॉलमध्ये एका पुढाऱ्याचा सत्कार होता. इमारतीत मोठ्या प्लगची जागा एकच. आमच्या मोठ्या साहेबांनी फ्रीजची वायर काढून कूलरची लावायला लावली. ती परत कुणीच बदलली नाही. मे महिना, मध्ये रविवार. सोमवारी फ्रीज उघडला तर घाण वास. सीरम गढूळ, डागाचं पाणी नासलेलं.

"एकाला वारं लागावं म्हणून तुमी दुसऱ्याचा खून पुसला!" सर ओरडले.

"नमुना खराब निघाला म्हणून कळवतो. विषय संपला," साहेब म्हणाले. तो थंड आवाज आठवला की आजही माझं डोकं फिरतं. असल्या माणसाला पुढं बढती मिळाली!

आरोपी सुटला. गावात हलगी वाजली. सरांनी सगळीकडे आरडाओरडा केला, तर त्यांचीच बदली झाली. जाताना ते पूर्णेला उतरले, त्या तरुणाच्या घरी गेले. मी सोबत होतो. त्यांनी त्याच्या बायकोला काहीही न लपवता सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "म्हंजे साहेब, माझा नवरा माणूस हुता, हे सरकारला अजून ठावंच न्हाई."

सरांनी हात जोडले. ती आत निघून गेली, दार लागलं, तरी त्यांचे हात तसेच होते.