पोटातल्या लेकराला रक्त

माझी पहिली मुलगी धडधाकट जन्मली. तिच्या पाठचा मुलगा हळदीसारखा पिवळा पडला आणि आठवड्याच्या आत गेला. त्यानंतरचं लेकरू पोटातच मेलं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, तुमचं आणि नवऱ्याचं रक्त जुळत नाही, म्हणून तुमचंच रक्त पोटातल्या लेकराचं रक्त नासवतं. अमरावतीला विलायतेहून शिकून आलेले एक डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. माझे यजमान कोर्टात कारकून, मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. अमरावतीच्या डॉक्टरांनी पोट माझं चाचपलं, पण बोलले ते यजमानांशी. एक्स-रेवर मूल कुठं आहे ते पाहायचं, आईच्या पोटातून लांब सुई घालायची आणि लेकराच्या पोटात दुसऱ्याचं चांगलं रक्त सोडायचं.

"नाही केलं तर हेही मूल जाईल. केलं तर आशा आहे," ते म्हणाले.

मी पडल्या पडल्या विचारलं, "हे तुमी आधी कोणाले केलं, डॉक्टरसाहेब?"

ते यजमानांकडे बघून हसले. "परदेशात बरंच होतंय आता."

"आन् मले काई झालं तर?"

"घाबरू नका बाई. घाबरलं की बाळावर परिणाम होतो."

यजमान म्हणाले, "तू गप राह्य. इतके शिकलेले हायेत, त्याईले समजत नाही काय?"

घरी नुकती शाळेत जाऊ लागलेली मुलगी होती. मी गेले तर तिचं काय, हा विषय त्या खोलीत कोणी काढलाच नाही. यजमानांनी होकार देऊन टाकला.

पहिल्या वेळी सुई नीट गेली म्हणाले. काही दिवसांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं, त्या वेळी मात्र फार वेळ लागला. डॉक्टरांचा सदरा घामानं भिजला. "थांबा, आता सोसत नाही," मी म्हटलं. "झालंच," म्हणत ते शोधत राहिले. दुसऱ्या दिवशी मला ताप भरला आणि लेकरू हलायचं थांबलं. कळा आणून मेलेला मुलगा बाहेर काढला. मला वाचवायला माझी गर्भपिशवीही काढावी लागली.

निघताना डॉक्टर म्हणाले, "प्रयत्न वाया गेला नाही. आम्हाला यातून पुष्कळ समजलं."

यजमानांनी त्यांना हात जोडले. एसटीत मी विचारलं, "हात कावून जोडले?"

"त्याईनं आपल्याले आशा तरी देल्ली."

"आशा तुमाले देल्ली. सुई मले."



पुढे काही वर्षांनी परतवाड्याच्या माझ्या मावसबहिणीचंही रक्त नवऱ्याशी जुळेना, तिचीही लेकरं जाऊ लागली. तिला त्याच डॉक्टरांचं नाव कोणी सांगितलं. "करू काय, बाई?" तिनं विचारलं. मी झालं ते सगळं सांगितलं, हो किंवा नाही म्हटलं नाही. ती त्यांच्याकडे जाऊन सुई घेऊन आली. तोवर त्यांचा हात बसला होता. तिचा मुलगा जगला.

यजमान म्हणाले, "पाह्य, मी म्हणत नव्हतो?"

त्या लेकराला मांडीवर घेताना मला आनंद झाला, आणि तो खरा होता. पण माझ्या पोटावर आपण शिकत आहोत, एवढं डॉक्टरांनी मला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर कदाचित मीच हो म्हटलं असतं.