पाऊण तासाचा मत्सर

माझी बायको लहान मुलांशी खेळते आणि त्याचे तिला पैसे मिळतात. सुनेचा व्यवसाय मी माझ्या आईला असाच समजावून सांगितला होता. त्यावर "मग तू ऑफिसात वेगळं काय करतोस?" असं आईने विचारलं होतं.

खरं तर बायको प्ले थेरपिस्ट आहे. घाबरलेली, गप्प झालेली, आपल्याला काय होतंय ते सांगता न येणारी मुलं तिच्या खोलीत येतात, बाहुल्या-प्राणी घेऊन वाळूत खेळतात. ती समोर जमिनीवर बसते आणि पाऊण तास त्यांच्यातच असते.

लग्न झाल्यापासून संध्याकाळचा चहा आम्ही मागच्या पडवीत घेतो. आधी ती शाळेत शिकवायची. तेव्हा वर्गातलं सगळं चहाबरोबर माझ्यापर्यंत यायचं. नातेवाइकांत रंगवून गोष्टी सांगणारा म्हणून माझं थोडं नाव आहे, त्यातला निम्मा माल या चहातला. मग तिने हे नवं काम धरलं आणि प्ले थेरपिस्टांच्या संघटनेत नाव घातलं. तेव्हापासून मुलांबद्दल घरी चकार शब्द नाही. जे मनात साचेल ते महिन्यातून एकदा संघटनेच्या ऑनलाइन बैठकीत, दार लावून, आणि तेही मुलाचं नाव न घेता. बाहेर मला कधी हसणं ऐकू यायचं, कधी नुसती शांतता. मला शांततेचा जास्त राग यायचा. एकदा ती रडून लाल झालेल्या डोळ्यांनी बाहेर आली.

"काय झालं गं?"

"काही नाही. झालं बोलून," म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

झालं बोलून! कुणाशी? ज्यांना मी ओळखतही नाही अशा आठ-दहा माणसांशी.

त्यामुळे संघटनेची या वेळची बैठक रत्नागिरीत, आमच्याच हॉलमध्ये ठरली तेव्हा मी फारच उत्साह दाखवला. सरावाच्या खेळासाठी गच्चीवर वाळू धुऊन वाळवली, सकाळी घावणे घातले. बायको म्हणाली, "बरे आहात ना?" मला फक्त ती माणसं बघायची होती.

बघितली. चांगली होती, हे आणखी वाईट. घावणे मागून मागून खाल्ले.

चहानंतर सरावाला बसायचं होतं. जोड्या करायच्या, एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने थेरपिस्ट. पण कोल्हापूरच्या बाईंची एसटी वाटेत पालीला बंद पडली आणि एक माणूस कमी पडलं. संघटनेच्या ज्येष्ठ बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मूल व्हाल का?"

"मूल होतील ते," बायको म्हणाली, "पण गप्प राहायचे नाहीत."

मी तिच्यासमोरच बसायला निघालो, तर नवरा-बायकोची जोडी चालत नाही म्हणे. मला सावंतवाडीची एक तरुण मुलगी मिळाली. बायकोसमोर साताऱ्याचे सहा फुटी टकले गृहस्थ मांडी घालून बसले, गुडघे कडकड वाजवत.

मी वाळूत एक घर ठेवलं.

"तू घर ठेवलंस," मुलगी म्हणाली. खेळात अरे-तुरेच करायचं असतं.

"हो. त्याचं काय झालं, आमच्या आजोबांनी चिरे आणले—"

"तुला घराबद्दल सांगायचंय," ती म्हणाली आणि शांतपणे बघत राहिली. हकिगत माझ्या घशातच राहिली. ना "पुढे?", ना "अय्या!" — असल्या श्रोत्यांपुढे माणसाने बोलायचं तरी कसं?

मी पलीकडे पाहिलं. ते गृहस्थ एक घोडा वाळूत पुरत होते आणि माझी बायको त्यांच्या हातांकडे बघत होती. तसं बघताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. घाई नाही, गॅसकडे लक्ष नाही.

"तू घोड्याला झाकतोयस," ती म्हणाली. हळू. जणू तिला दुसरं कुठेही जायचं नव्हतं.

मी मगर उचलली आणि वाळूतून चालवायला लागलो.

"तुझी मगर कुठेतरी निघालीय."

"साताऱ्याला."

मुलीने ओठ चावला. "मगर रागावलीय."

"मगर कशाला रागवेल? सगळे त्या घोड्याकडे बघताहेत, मगरीकडे बघायला कुणाला वेळ आहे?"

हे मी जरा मोठ्याने बोललो असणार, कारण हॉलमध्ये सगळं थांबलं. एकटी बायको थांबली नाही. तिने मानसुद्धा वळवली नाही.

दुपारी पाहुणे गणपतीपुळ्याला गेले. ती वाळू झाडत मागे राहिली. मी सुपली धरून उभा होतो.

"मलापण पाहिजे," मी म्हणालो.

"काय?"

"पाऊण तास. तसा. समोर बसून."

ती हसली नाही, याची मला नोंद घ्यावी लागली. "तुमच्याशी नाही जमायचं मला."

"त्या टकल्याशी जमतं!"

"अहो, तिथे मला एक प्रश्न विचारता येत नाही. घोडा का पुरला हे विचारायला जीभ नुसती वळवळत होती माझी. दिवसभर जीभ धरून बसायचं आणि घरी येऊन पुन्हा तेच?" तिने केरसुणी भिंतीला टेकवली. "मुलांचं तुम्हाला कधीच सांगणार नाही मी. कितीही रुसलात तरी. पण तुमचं सांगा ना. कधीपासून चाललंय हे? चारचौघांत ओरडायची काय गरज होती? आणि गोळी घेतलीत का बीपीची?"

"म्हणजे ऐकलं होतंस तू?"

"नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनीसुद्धा ऐकलं असेल."

मी सांगायला लागलो. लावलेल्या दाराचं, लाल डोळ्यांचं, त्या आठ-दहा जणांचं. एकही वाक्य तिने मला पुरं करू दिलं नाही. "कुठल्या महिन्यातलं?", "तेव्हाच का नाही बोललात?", "शी, मी असं म्हणाले?" चहा तिथेच, वाळूत बसून झाला.

"बरं, घोड्याचं काय निघालं शेवटी?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ते त्यांचं आहे," ती म्हणाली. "पुढे सांगा."

मी सांगत राहिलो, पण खरं सांगायचं तर अर्धं लक्ष घोड्याकडेच होतं.