गुडघा आणि बेंजो

माझा थोरला भाऊ जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळायचा आणि हळदीला बेंजो वाजवायचा. गावात त्याचं नाव होतं ते दुसऱ्या कारणाने. पेणच्या खाडीकाठी चढाई करणारे आळीआळीत सापडतात. नवरीच्या आईला हमखास रडवणारा बेंजोवाला मात्र आमच्याकडे एकच होता. पकडी करून त्याची दोन बोटं वाकडी झाली होती. बेंजोच्या बटणांना ती वाकडीच बरी पडतात, असं तो सांगायचा.

नव्वद सालानंतर धाटावच्या एका केमिकल कंपनीने त्याला खेळाडू म्हणून घेतलं. नेमणूक तात्पुरती. तिथे खेळाचं बघणारे एक साहेब होते. दर मोसमाला ते म्हणायचे, "यंदा ढाल आण, तुला पर्मनंट करतो." भावाने लागोपाठ दोन ढाली आणल्या. त्या साहेबांच्या केबिनमध्ये भिंतीवर पर्मनंट झाल्या. भाऊ होता तिथेच राहिला.

बाबा मिठागरात राबायचे. मिठाने त्यांच्या तळपायांना पडलेल्या भेगा पावसाळ्यातही बुजत नसत. पोराची नोकरी पक्की झाली की आपण आगरातून बाहेर पडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आमचं सगळं घर त्या एका शब्दावर टेकून उभं होतं.

तिसऱ्या मोसमाच्या तोंडावर गावातल्या सरावात भावाचा गुडघा गेला. दवाखान्यात दाखवलं तर कंपनीला कळणार आणि मोडक्या पायाला कोण पक्कं करणार? म्हणून तो गुपचूप हाडवैद्याकडे गेला. त्याने पाला बांधला आणि पायावर भार देऊ नको म्हणून बजावलं. भावाने पाला ठेवला, सल्ला सोडून दिला.

त्याच आठवड्यात आमच्या आळीत हळद होती. साहेबांना आमंत्रण होतं, आणि ते आले. बेंजोवाला एरवी खुर्चीवर बसून वाजवतो. त्या संध्याकाळी भावाने पट्टा गळ्यात अडकवला आणि उभा राहिला.

मी जवळ जाऊन म्हटलं, "दादा, बस ना रे."

"बसलो तं साहेब इचारल, का बसलास म्हणून. तू जा गो, बायांत जा."

हळद संपेपर्यंत तो उभा होता, वर चालीवर कंबरही हलवत होता. मांडवात बाया नाचत होत्या आणि माझं लक्ष त्याच्या पँटच्या उजव्या पायावर होतं. तो पाय डाव्यापेक्षा जाड दिसायला लागला होता. साहेब जेवून निघताना त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "एकदम फिट! रविवारी रोह्याला सामन्याला ये."

रविवारी रोह्याला आधी भाषणं झाली. खेळाने उद्योग वाढतो, असं साहेबांनी बऱ्याच विस्ताराने सिद्ध केलं. दोन्ही संघ तोवर रांगेत उभे. मग सामना सुरू झाला आणि भावाच्या दुसऱ्याच चढाईत समोरच्या कोपऱ्यातल्या खेळाडूने त्याचा घोटा धरला. हा गडी रोह्याकडच्या कातकरीवाडीतला, वीटभट्टीवर कामाला जाणारा. दोघं एकमेकांना मैदानावरून ओळखत. भाऊ कोसळला. पण दम सोडला नाही. 'कबड्डी कबड्डी' म्हणत, सगळ्यांना ओढत तो हातांवर सरकला आणि मधल्या रेषेला बोटं टेकवली. टाळ्या पडल्या. त्याला उचलून बाहेर नेलं. कंपनी जिंकली.

दोन दिवसांनी साहेब शाल घेऊन घरी आले. भाऊ खाटेवर पडलेला, पाय उशीवर. शाल पांघरून झाली, 'कंपनीची शान' वगैरे झालं. मग साहेब कामाचं बोलले.

"हे बघ, त्या कोपऱ्यातल्या गड्याने पाय पिरगळला, नियमाबाहेर, असं तू सांगायचं. नुसतं पडून गुडघा गेला म्हटलं तर वर कुणी ऐकत नाही; हे सांगितलंस म्हणजे ती कंपनीसाठी खेळताना झालेली जखम. वर शब्द टाकतो, तुला टेबलावरचं काम देऊन पक्का करतो."

"आन त्याचं काय व्हईल?" भावाने विचारलं.

"त्याचं काय? बंदी येईल एखादं वर्ष. असे खूप आहेत."

"त्याला जिल्ह्यात घेनार हायत औंदा," भाऊ म्हणाला.

"तुला नोकरी पाहिजे का नको?"

आई दारातूनच बोलली, "व्हय म्हन रं. साहेब सवताच्या पायानं आलंत."

भावाने कुणाकडे पाहिलं नाही. शालीचा काठ तो बोटांनी दाबत होता, एकेक, जशी बेंजोची बटणं दाबायचा तशी. "साहेब," तो म्हणाला, "गुडगा आदीच गेल्ता. हळदीला उबा व्हतो तवाच. त्यानं नुसता धरला. पकड चांगली व्हती."

साहेबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हिशेब चुकल्यासारखं काहीतरी होतं. तेवढ्यात बाबा पुढे झाले. मिठाच्या गोणीत कुणी मूठभर रेती मिसळली तर दिवसभर त्याच्याशी न बोलणारा हा माणूस. साहेबांपुढे वाकून, हात जोडून ते म्हणाले, "त्याचं आयकू नका, साहेब. रातीपासनं ताप हाय त्याला. तापात बडबडतंय पोर."

साहेबांनी वाकून भावाच्या कपाळाला हात लावला.

कपाळ थंड होतं.