बा माघारी गेला

शेवंते,

मी गाव सोडलं त्या सकाळी तू शाळेच्या कपड्यांतच किनवट स्टेशनावर आली होतीस. गाडी हलली तसा बा खिडकीचा गज धरून दहा पावलं चालला. "पोटभर खात जाय," एवढंच बोलला. खरं सांगू, मला रडू आलं नाही. डोंगर चढून पाणी आणणं, पहाटे मोहाची फुलं वेचणं, सगळ्यातून सुटलो असं वाटलं.

पुण्यात शिफ्ट, ओव्हरटाइम आणि चौथ्या मजल्यावरची खोली यांत बारा वर्षं गेली. मग चैत्रात तुझा फोन आला. फुलं वेचताना बाला अस्वलानं फाडलं होतं. नांदेडच्या दवाखान्यातून मी त्याला थेट पुण्याला आणलं. तू नको म्हणालीस, तर चारचौघांत तुझ्यावर, धाकट्या बहिणीवर ओरडलो, "त्याला जंगलात मारायचंय का तुला?" चुकलो गं.

इथं वर्ष होत आलं तसा त्याचा खांदा भरत आला, पण तो स्वतः वाळत चालला. दिवसभर गॅलरीत बसून राही. एकदा मी म्हणालो, त्या अस्वलाला पकडूनच न्यायला पाहिजे. तो एकदम भडकला.

"तिच्यापाशी पिलू व्हतं. फुलं काय आपल्या एकट्याची हायेत? मीच गुपचूप घुसलो."

मग आवाज उतरला. "मला घरी नेऊन सोड रं, बाबा."

माझ्यापुढं कधी अजिजी न केलेला माणूस. दुसऱ्या दिवशी मी तिकिटं काढली.

गावी आलो तेव्हा मोह पुन्हा गळायला लागला होता, आणि दुसऱ्याच सकाळी तो मला रानात घेऊन गेला. मी झपाझप पुढं निघालो, तर त्यानं मनगट धरलं. "थांब. आधी खाकर." झाडीच्या तोंडाशी तो मोठ्यानं खाकरला, काठी दगडावर आपटली आणि उभा राहिला. आत पाचोळा वाजला. काहीतरी जड लांब निघून गेलं. मग आम्ही आत शिरलो. दर झाडाखाली तो थोडी फुलं तशीच ठेवत होता.

"एवढीच घ्यायची?" मी विचारलं.

"तिला लागत न्हाईत व्हय?"

शेवंते, आता मी त्याला न्यायला येणार नाही. फुलांच्या दिवसांत मात्र दरसाल सुट्टी टाकून येईन. त्याचा उजवा हात आता वर जात नाही, टोपली मी डोक्यावर घेईन. गावात मी पाहुणा झालोय, हे मला कळतं. पण माझ्या वाट्याचं काम जिथं अजून शिल्लक आहे, त्यालाच मी घर म्हणतो.