सही तुमची असती

शुक्रवार पेठेत आयकराचं रिटर्न भरून देणारे एक गृहस्थ आहेत. कागद हातात आला की ते आधी चष्मा पुसतात. मागं मी त्यांच्याकडं घरभाड्याची खोटी पावती नेली. राहतो स्वतःच्याच घरात.

"ऑफिसात सगळेच लावतात," मी म्हणालो.

"लावतेत की. पण सही तुमची असती." त्यांनी पावती परत केली.

मी रागानं दुसरीकडून रिटर्न भरलं. पुढं नोटीस आली, तेव्हा पुन्हा त्यांच्यासमोर जाऊन बसलो. जुनं काही न काढता त्यांनी नोटीस वाचली आणि विचारलं, "वहिनींना ठाऊक हाय का?"

"नाही."

"आधी त्यांना सांगा. उत्तर उद्या लिहू."

दंड मी भरला. घरी सांगणं त्याहून जड गेलं.