हिरव्या साडीची गोधडी

गळ्यातली गाठ काढल्यावर डॉक्टरांनी थायरॉइडच्या गोळ्या महिनाभर बंद ठेवल्या होत्या. मागे उरलेल्या थायरॉइडच्या पेशींना आयोडीनची भूक लागावी म्हणून. त्यांना भूक लागली आणि माझी रया गेली. कुकरच्या शिट्या मोजायचाही कंटाळा यायचा.

मग सुरतेच्या दवाखान्यात किरणोत्सारी आयोडीनची एक कॅप्सूल दिली. पुढचं सगळं मला पाठच होतं, शहाद्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. पोटातून ते तास-दोन तासांत रक्तात उतरतं. मिठातलं आयोडीन कोणतं आणि हे कोणतं, शरीराला कळत नाही. गळ्यातल्या पेशी आपला वाटा ओढून घेतात आणि त्यानंच जळतात, थोडं लाळेच्या ग्रंथींत जातं, बाकीचं बहुतेक दोन-तीन दिवसांत लघवीवाटे निघून जातं. थोडं घामातूनही. म्हणून मी लिंबू चोखत होते, तांब्यावर तांब्या पाणी पीत होते आणि संडासात दर वेळी दोनदा पाणी ओतत होते. माणसाची मोरी झाली होती.

घरी जाता येत नव्हतं. लेक सातव्या महिन्यात, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोटातल्या बाळाची थायरॉइड तोवर कामाला लागलेली असते, तीही आयोडीन ओढते. लेकीला माहेरी आणून मीच घर सोडलं. पुरुषोत्तमनगरात नणंदेला कारखान्याचं क्वार्टर आहे, त्याच्या मागच्या खोलीला वेगळा संडास आहे. तिथे राहिले. नणंद ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि लांबून बोलायची. घामानं भिजलेल्या जुन्या सुती साड्या मी दाराबाहेरच्या गोणीत टाकायचे. त्यांना हात लावू नको, हे तिला सांगायला हवं होतं. वर्गात तेच ते चार वेळा सांगणारी मी, तिला एकदाही सांगितलं नाही. बोलायचंच जिवावर आलं होतं.

दहाव्या दिवशी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती कुशीवर पडली होती आणि तिच्या अंगाखाली माझी हिरवी साडी होती, टाके घातलेली.

"आत्यानी गोधडी शिवी दिधी," ती म्हणाली. "तू जवळ नही ते नही, तुन्हा वास तरी शे."

"ऊठ आधी," मी म्हटलं. "बाजूले ठेव ती." ती उठली, पण रडायला लागली. तिला नीट समजावून सांगण्याइतकंही बळ माझ्यात नव्हतं.

आमच्याकडे बाळाचं पहिलं अंथरूण आजीच्या नेसून मऊ झालेल्या साड्यांचंच करतात. नणंदेनं गोणीतल्या तीन साड्या त्यासाठीच उचलल्या होत्या. "नवं कापड लेकरूले बोचस, वैनी," ती दारातून म्हणाली. "साबण बी नही लाया मी. वास जाई म्हनीसन नुस्ता पानीम्हाईन काढी." तिनं सगळं मायेनं केलं होतं. त्या दिवशी मी तिचं ताट तसंच परत पाठवलं. त्याची मला अजून लाज वाटते.

डॉक्टर फोनवर म्हणाले, आयोडीन पाण्यात विरघळतं, बरंचसं धुऊन गेलं असेल, उरलेलं दर आठ दिवसांनी निम्मं होतं. गोधडी लांब ठेवा, बाळ झाल्यावर तपासणी करू, काळजी करू नका. काळजी करू नका म्हणायला काय जातं? बाळंतपणापर्यंत मी आठ-आठ दिवस मोजत राहिले.

नात झाली. थायरॉइड तपासायला तिच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. रिपोर्ट चांगला आला तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसून रडले, आणि पहिला फोन नणंदेला केला.

नात तीन महिन्यांची झाल्यावर लेक सासरी निघाली. ट्रंकेतली गोधडी मीच काढून दिली. हिशेबानं तिच्यात आता काही उरलं नव्हतं. लेकीनं ती नाकाला लावली.

"माय, वास गया," ती म्हणाली.

मी गोधडी तिच्या हातातून परत घेतली. "आठ दिन थांब," मी म्हटलं. "मी पांघरस, मंग लई जाय."