साहेबांची खुडूक कोंबडी

"आधी नर ओळ दाखवा, मंग चहा."

कुठल्याही शेतात पाय ठेवला की आमच्या शेजारच्या साहेबांचं पहिलं वाक्य हेच असायचं. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि आमच्या मधल्या भिंतीवर कोपर टेकवून इतक्या वेळा सांगितलं, की नवीन जालन्यातल्या एका बँकेत व्हाउचरं तपासणाऱ्या मला कपाशीचं बीजोत्पादन पाठ झालं. हायब्रिड बियाण्याच्या प्लॉटमध्ये मादीच्या ओळी लावायच्या आणि शेजारी नराची ओळ लावायची. नर नसेल तर सगळी मेहनत वाया. साहेबांनी एका बियाणे कंपनीतली सगळी नोकरी या एका वाक्यावर काढली आणि हारतुरे घेऊन निवृत्त झाले. तुमच्याही कॉलनीत असा एखादा तज्ज्ञ असेलच. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

बायको वारल्यावर साहेब घरात एकटे राहिले. पुण्याचा मुलगा दर रविवारी फोन करायचा, "बाबा, इकडे या कायमचे. तिथं कोण आहे आता?" मुलगा चांगला होता, हीच खरी पंचाईत. वाईट असता तर साहेबांनी एका दमात नाही म्हटलं असतं. ते फोनवर "बघू, बघू" म्हणायचे आणि फोन ठेवून भिंतीपाशी यायचे.

"ताई, तिथं गॅलरीतून खाली पाह्यलं तर जमीनच दिसत न्हाई. मी करू काय तिथं? लिफ्टमधी वर-खाली करू?"

"तेवढाच व्यायाम," मी म्हणायचे. सहानुभूती दाखवली की ते अर्धा तास जास्त थांबायचे, हे मला अनुभवानं कळलं होतं.

मग एका रविवारी त्यांनी जाहीर केलं की ते कोंबड्या पाळणार आहेत. चार फक्त, परसात, गावरान. प्रत्यक्ष कोंबडी यायच्या आधी महिनाभर मोबाइलवर अभ्यास चालला, तोही आवाज पूर्ण मोठा करून, त्यामुळे आमच्या अख्ख्या गल्लीचं प्रशिक्षण झालं. कोंबडीला रोज किती खाद्य लागतं, हे पलीकडच्या निवृत्त तहसीलदारांनाही सांगता येऊ लागलं. जुन्या कूलरचा पत्र्याचा सांगाडा काढून, त्याला जाळी मारून, आत बसायला आडवी काठी ठोकून साहेबांनी खुराडं तयार केलं. ते आधी पूर्वेला ठेवलं. तिथं ऊन लागतं म्हणून पश्चिमेला नेलं. शेवटी पूर्ण शास्त्रीय विचार करून त्यांनी ते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आणलं.

"इथं वारा बराबर येतो," ते म्हणाले. वारा खरंच बरोबर यायचा. तो पुढे माझ्या कुकरपर्यंत जायचा.

कोंबड्या आष्टीच्या बाजारातून आल्या. साहेब त्यांना भोकं पाडलेल्या खोक्यात घालून एसटीतून घेऊन आले आणि पहिल्याच संध्याकाळी चारही कोंबड्या भिंतीवरून माझ्या कोथिंबिरीत उतरल्या. महागाचं खाद्य त्यांनी पायांनी उधळून टाकलं, आणि कोथिंबीर मात्र मुळासकट खाल्ली. "हिरवा चारा लागतोच त्यांना," साहेबांनी मला समजावून सांगितलं. व्हिडिओत तसं होतं म्हणे.

पहिलं अंडं आलं त्या दिवशी ते तळहातावर घेऊन साहेब घरोघर फिरले. बारशाला मूल दाखवतात तसं दाखवलं. ज्या घरांत अंड्याचं नाव काढलेलं चालत नाही, त्या घरांतले रिकामे डबे पुढं महिनाभर संध्याकाळी गुपचूप साहेबांच्या दारात येत राहिले.

"साहेब, एक कोंबडा पण आणा की," मी एकदा म्हटलं. "अंबडच्या बाजारात मिळेल. पिल्लं होतील."

"कोंबडा बिलकुल न्हाई. पहाटे ओरडतो. लोकांची झोप मोडती."

ज्या माणसानं महिनाभर अख्ख्या गल्लीला मोबाइल ऐकवला, त्याला एकाएकी लोकांच्या झोपेची काळजी वाटू लागली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. माणसं म्हातारपणी सुधारतात, असं मी वाचलं होतं.

नंतर त्यांची काळी कोंबडी खुडूक झाली. अंडी देणं बंद करून, पिसं फुलवून ती खुराड्याच्या कोपऱ्यात जी बसली ती उठेचना. साहेबांनी तिच्याखाली घरचीच सहा अंडी ठेवली आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "उबवायला बसवली."

कॉलनी हसून हसून बेजार झाली. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात नर शोधत फिरलेला माणूस, आणि स्वतःच्या परसात कोंबड्याशिवाय पिल्लांची वाट बघत बसलेला! तहसीलदारांनी तर हा किस्सा दोन लग्नांत सांगितला. मीही बँकेत सांगितला, आणि चांगला रंगवून सांगितला. तीन आठवडे झाले, पिल्लू निघालं नाही. साहेबांनी जुनी अंडी खड्ड्यात पुरली आणि ताजी ठेवली.

त्यानंतरच्या रविवारी मी भिंतीच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते. साहेब अंगणात फोनवर बोलत होते.

"अरे, यायला मी कधीबी तयार आहे. पण कोंबडी अंड्यावर बसून राह्यलीय. जीव आहे तो. पिल्लं निघू दे, मंग बघू."

फोन ठेवून ते वळले आणि त्यांना मी दिसले. माझ्या हातात ओली चादर तशीच होती. ते हळूहळू भिंतीपाशी आले.

"ताई, त्याला सांगू नका," ते म्हणाले. "तो कॉम्प्युटरवाला आहे. त्याला नर ओळीतलं काही कळत न्हाई."

मला हसू आलं नाही. एवढा सगळा खटाटोप माणसानं स्वतःच्या घरात राहता यावं म्हणून केला होता, आणि त्यासाठी स्वतःला गल्लीत मूर्ख ठरवून घेतलं होतं.

या उन्हाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. आठ दिवसांत परत आणतो म्हणाला. डोळा चांगला झाला, साहेब काही आले नाहीत. किल्ली माझ्याकडे आहे आणि कोंबड्याही. काळी तर ते गेल्यावर चार दिवसांतच उठली आणि इतरांबरोबर हिंडू लागली. तिच्याखालची अंडी मी पुरून टाकली.

मग मुलाचा फोन आला. "ताई, बाबा सारखं त्या अंड्यांचं विचारतायत. पिल्लं निघाली असतील तर सांगून टाका, म्हणजे त्यांचं इथं मन लागेल. फोन स्पीकरवर आहे."

साहेब नक्की तिथंच बसले होते.

"कुठली निघतायत," मी म्हटलं. "आत्ताच नवी अंडी ठेवलीत. बसलीये घट्ट. आणि हे बघा, पिल्लांचं मला काहीएक जमायचं नाही. बाबांना पाठवून द्या."

मग साहेब म्हणाले, "ऐकलंस? मला जावं लागंल."

"बघू बाबा," मुलगा म्हणाला.

मी फोन ठेवला आणि परसात जाऊन काळीला पकडलं. तिला सहा अंड्यांवर नीट बसवलं. तिनं माझ्या मनगटाला टोचलं आणि उठून निघून गेली. तेव्हापासून मी रोज बँकेत जायच्या आधी तिला बसवते. ती रोज उठते, आणि रविवारी फोन आला की मी सांगते, अजून बसलीये.